अकरा माणसांचे घर, पाच मुले आणि सकाळचा दीड तास

तुमच्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अकरा माणसांचे एकत्र कुटुंब आहे: सासू-सासरे, तुम्ही दोघे, दीर आणि नोकरीला जाणाऱ्या जाऊबाई, तुमची बारा वर्षांची मुलगी, नऊ आणि चार वर्षांचे मुलगे, जाऊबाईंची सात वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचे बाळ. तुमचे यजमान आणि दीर यंत्रमागाचा कारखाना सांभाळतात. जूनमध्ये तिन्ही मोठ्या मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायचे ठरले. त्यानंतरच्या चार महिन्यांत तुम्ही तीन वेळा वेळापत्रक केले आणि तिन्ही वेळा ते आठवड्याच्या आत मोडले. पुस्तक उघडले की कोणीतरी हाक मारते, आणि आता निर्णयच चुकला का, असे तुम्हाला वाटू लागले आहे.

मी स्वतः एकत्र कुटुंबात राहून माझ्या दोन मुली आणि दिरांची दोन मुले अशा चौघांना नऊ वर्षे घरी शिकवले. त्याआधी सात वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगते की या चार महिन्यांवरून निर्णयाचा निवाडा करू नका. शाळेचे वेळापत्रक घरात चालते का, एवढेच तुम्ही आतापर्यंत तपासले आहे, आणि ते चालत नाही. ते माझ्याही घरात चालले नव्हते. वर्गावर शिकवताना माझ्या मागे गॅसवर डाळ नसायची, कडेवर बाळ नसायचे आणि नळ आला म्हणून मला कोणी बोलवत नसे.

तुमचे तिसरे वेळापत्रक मी नीट वाचले. सकाळी दहा ते साडेबारा गणित आणि भाषा, दुपारी दोन ते चार परिसर अभ्यास, इंग्रजी आणि चित्रकला. त्यात मुलांची नावे आहेत, तुमचे आहे, पण घरातील उरलेल्या पाच मोठ्या माणसांपैकी एकाचेही नाव नाही. मोडण्याचे मूळ मला तिथेच दिसते. एकत्र कुटुंबात एकीने ठरवलेली वेळ इतरांना ठाऊक असते, पण ती त्यांनी मान्य केलेली असतेच असे नाही. सासऱ्यांना दहा वाजता चहा लागतो, कारखान्यातून साडेअकराला डब्यासाठी माणूस येतो, आणि घरात असलेली सून म्हणजे मोकळी सून हा समज तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्यामुळे आधी घराचे वेळापत्रक लिहून काढावे आणि त्यात शिकवण्याला जागा शोधावी, हा माझा मुख्य सल्ला आहे.

घराचे वेळापत्रक लिहायला बसलात की सर्वांत वर पाणी येईल. सोलापूरला उजनी धरणाचे पाणी मिळत असले तरी नळाला ते काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी टाकी, पिंपे, हंडे, साठलेले धुणे आणि फरशी यांपलीकडे घरातील बाईला काही सुचत नाही. त्या दिवशी अभ्यास ठेवूच नका. मी पहिली दोन वर्षे पाण्याच्या दिवशीही पुस्तके काढायचा हट्ट धरला आणि प्रत्येक वेळी दुपारपर्यंत मी चिडलेली आणि मुले रडवेली असायची. तुमचा नऊ वर्षांचा मुलगा पिंपे भरण्याइतका मोठा आहे, त्याला काम करू द्या. वाटल्यास एकदा त्याला एवढे काढायला सांगा की २००० लिटरची टाकी ११ माणसांनी ४ दिवस पुरवायची तर माणशी रोज किती पाणी वाट्याला येते. उत्तर सुमारे ४५ लिटर येते, आणि आपल्या अंघोळीच्या बादल्या मोजल्यावर त्याला त्याचा अर्थही कळतो. मात्र प्रत्येक कामाचा धडा करण्याचा मोह आवरावा. पाणी भरताना दर वेळी गणित विचारणाऱ्या आईपासून मुले दूर पळतात.

दुसरी गोष्ट भाकरीची. अकरा माणसांच्या पंचवीस-तीस भाकऱ्या म्हणजे तव्यासमोर सव्वा तास उभे राहणे, आणि नेमका तोच सव्वा तास मुलांचे डोके ताजे असण्याचा असतो. आपल्या भागात कडक भाकरी ही केवढी मोठी सोय आहे, याचा आपण पुरेसा विचार करत नाही. एकदा करून ठेवलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. पाण्याच्या दिवशी आणि आठवड्यात आणखी दोन दिवस सकाळी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि एखादी पातळ आमटी ठेवा. सासऱ्यांना दातांमुळे जमत नसेल तर आमटीत कुस्करून द्या. ते शक्य नसेल तर भाकऱ्या करून विकणाऱ्या बायका शहरात आहेत, त्यांच्याकडून आठवड्यातले तीन दिवस घ्या. त्याला खर्च येतो, पण शाळेची फी वाचली आहे, आणि त्यातील काही पैसे तुमच्या वेळेसाठी खर्च होणे न्याय्य आहे. हे घरात स्पष्टपणे बोलावे.

आता दीड तासाविषयी. तुम्ही लिहिले आहे की बाळ सकाळी साडेनऊच्या सुमारास झोपते. साडेनऊ ते अकरा हा तुमचा वेळ, आणि पहिले सहा महिने एवढाच. हा फार थोडा वाटेल, म्हणून हिशेब मांडते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेने वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे असते, म्हणजे दिवसाला चार तास, आणि ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण आहे. चार तास तीस मुलांत वाटले तर एकेका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची आठ मिनिटे येतात. वर्गात मूल इतर मुलांकडूनही शिकते, त्यामुळे हा हिशेब पूर्ण न्यायाचा नाही, हे मला मान्य आहे. पण सात वर्षांच्या मुलीशेजारी बसून वीस मिनिटे वाचून घेणे ही शाळेत न मिळणारी गोष्ट तुम्ही रोज देऊ शकता, एवढे त्यातून नक्की दिसते. वेळ घड्याळाला बांधू नका, बाळाच्या झोपेला बांधा. वर्ष-दीड वर्षाचे झाले की बाळ दुपारी एकदाच झोपू लागेल, तेव्हा तुमचा दीड तासही दुपारी सरकेल.

हा दीड तास राखण्याचे काम सासूबाईंकडे सोपवा. तुमच्या पत्रात सर्वांत जास्त हाका त्यांच्याच आहेत, आणि म्हणूनच मी हे सुचवते. अभ्यासाच्या वेळी मला हाक मारू नका, असे सुनेने सांगितले की ते लागते. त्याऐवजी त्यांच्याजवळ बसून म्हणावे, "आई, साडेनऊ ते अकरा पोरांचा अभ्यास नीट व्हायचा असेल तर दारावर तुम्हीच पाहिजे. कोण आलं-गेलं, कोणाचा फोन, बाळ उठलं तर पाच मिनिटं, सगळं तुम्ही बघा." घरातील थोर बाईकडे ते कर्तेपण आले की दहाच्या चहाचा प्रश्नही त्याच सोडवतात, माझ्या सासूबाईंनी तर चहा थर्मासमध्ये भरून ठेवायला सुरुवात केली आणि माझ्या चुलत नणंदेला अकराच्या आत फोन करू नको म्हणून स्वतःच बजावले. हे एका दिवसात झाले नाही, महिना गेला, आणि त्या महिन्यात मी दोन वेळा रडलेही. तरी तोच मार्ग योग्य होता असे मला आजही वाटते.

जाऊबाईंविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे: "त्या बिचाऱ्या संध्याकाळी सातला थकून येतात." त्या थकून येतात हे खरेच आहे. पण त्यांची दोन्ही मुले दिवसभर तुमच्याकडे असतात आणि त्यातल्या एकीचे शिक्षणही तुमच्यावर आहे. त्या घरात पगार आणतात, तुम्ही त्यांच्या मुलांचा दिवस सांभाळता, आणि हे दोन्ही वाटे एकमेकींना दिसायला हवेत. ते कधीच बोलले गेले नाही तर दोन वर्षांनी त्याचा कडवटपणा मुलांवर निघतो. अशी दोन घरे मी जवळून पाहिली आहेत. रात्रीचे जेवण झाल्यावरची भांडी आणि चारही मुलांना गोष्ट वाचून दाखवणे हे जाऊबाईंकडे, रविवारची पूर्ण सकाळ दोन्ही भावांकडे, अशी स्पष्ट वाटणी व्हावी. पुरुषांनी "मदत करतो" म्हणणे पुरेसे नाही. वार आणि वेळ ठरवून घ्यावी.

दीड तासात काय शिकवायचे? फक्त वाचन, लेखन आणि गणित, आणि सुरुवात सर्वांत लहानापासून. चार वर्षांच्या मुलाला पहिली पंधरा मिनिटे पूर्णपणे द्या: गाणे, ठोकळे, चिंचोके मोजणे, पाटीवर रेघोट्या. आईचे मन भरून लक्ष मिळालेले लहान मूल पुढचा पाऊण तास आपले आपण खेळते, आणि ज्याला "थांब, आधी दादाचं होऊ दे" म्हटले ते दर तीन मिनिटांनी येते. त्यानंतर सात वर्षांच्या मुलीचे वाचन. ती अडखळते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून तिला एका दिवसाचाही खंड नको. बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, तेव्हा तिच्यासाठी पहिलीचे पुस्तक पुन्हा घेण्यात काहीही कमीपणा नाही. घरी शिकवण्याचा एक मोठा फायदा हाच की मागे जाऊन पाया भरता येतो आणि कोणी हसत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला त्या वेळात सोडवायला चार-पाच उदाहरणे द्यावीत आणि शेवटची पंधरा मिनिटे त्याच्या चुका पाहाव्यात. बारा वर्षांच्या मुलीला या वेळात शिकवू नये. तिचे पुढे सांगते.

इतिहास, परिसर, विज्ञान हे विषय वेगवेगळ्या वयांना वेगवेगळे शिकवायची गरज नाही. दुपारच्या जेवणानंतर, ऊन तापलेले असताना, सगळ्यांना एकत्र बसवून एकच विषय वाचावा. धाकटे ऐकतील, मधला चित्र काढेल, थोरली लिहील. सासूबाई घरात कन्नड बोलतात हे वाचून मला फार आनंद झाला. त्यांना आठवड्यातून दोन दुपारी कन्नडमध्ये गोष्ट सांगू द्या आणि मुलांनी ती मराठीत लिहावी. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने आपले गाव ओळखले जाते त्यांची बाराव्या शतकातील वचने, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्येच आहेत, आणि ती आजीच्या तोंडून ऐकणे हे भाषेचे शिक्षण आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एका बाजारात ऐकू येणारी गावे थोडी असतात.

यजमानांना रविवारी काय शिकवावे हे सुचत नसेल तर त्यांना सुताचा काउंट शिकवायला सांगा. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, तो त्या सुताचा काउंट. म्हणजे १० काउंटचे एक ग्रॅम सूत साधारण १७ मीटर भरते आणि २० काउंटचे ३४ मीटर. आकडा वाढला की सूत बारीक होते, हे मुलांना आधी उलटे वाटते, आणि तिथूनच व्यस्त प्रमाण समजायला लागते. माझ्या पुतण्याला जे उदाहरण पुस्तकातून तीन आठवडे कळले नव्हते, ते कोनावरचे, म्हणजे शंकूसारख्या रिळावरचे, सूत तराजूत ठेवल्यावर एका सकाळी कळले. चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवणे, जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या यंत्रणेला, पंच केलेले कार्ड कसे धागे उचलते हे पाहणे, इंचात किती धागे आहेत ते भिंगाखाली मोजणे, असे कितीतरी तुमच्याच कारखान्यात आहे. मात्र मुलांना तिथे कामाला लावू नये आणि चालू मागाजवळ एकटे सोडू नये.

आता थोरलीविषयी, कारण तुमच्या पत्रातील मला सर्वांत काळजी वाटलेले वाक्य तिचे आहे: "ती खूप समजूतदार आहे, बाळाला तीच सांभाळते." माझ्या थोरल्या मुलीविषयी मीही हेच म्हणत असे. ती अकरा वर्षांची असताना मी धाकट्यांना शिकवत बसे आणि ती बाळाला झोपवे, कोथिंबीर निवडे, चुलत भावाचे पाढे घेई. वर्षाच्या शेवटी मी तिची वही उघडली तेव्हा अपूर्णांकांपुढे तिचे काही झाले नव्हते, आणि तिने एकदाही तक्रार केली नव्हती. ती चूक माझी होती, आणि ती भरून काढायला दीड वर्ष लागले.

ही आजची अडचण नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात काम केले, तेव्हा मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंड असते, हे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. मुलांच्या घरचे काम त्यांनी नाकारले नाही, पण त्यापायी मुलीचे शिकणे थांबू दिले नाही. तुमच्या घरात तुम्हाला हेच करायचे आहे. बारा वर्षांच्या मुलीकडे दिवसात एक ठरलेले काम असावे, जे तिचा नऊ वर्षांचा भाऊही तेवढ्याच वेळाचे करील. बाळ हे तिचे काम नसावे. सकाळी साडेनऊ ते अकरा तिने दुसऱ्या खोलीत किंवा उन्हाळा नसेल तर गच्चीच्या जिन्यात एकटीने अभ्यास करावा, आणि रात्री साडेआठ ते सव्वानऊ तिच्या वडिलांनी किंवा काकांनी तिच्यासोबत बसावे. त्या वेळी मालिका लागलेली असते हे मला ठाऊक आहे. टीव्ही पाऊण तास बंद राहावा, हे घरातील कर्त्या पुरुषाने सांगावे, सुनेने नाही.

तिच्या वयामुळे कागदपत्रांचाही विचार आताच करावा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही, आणि घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही नाही. त्याच कायद्यानुसार शाळेबाहेरचे मूल वयानुरूप वर्गात प्रवेश घेऊ शकते, म्हणजे परतीची वाट उघडी आहे. परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिथे दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे आणि मराठी माध्यमही मिळते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या स्तरावरील परीक्षा आहेत, आणि राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून देता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो मूळ प्रतीसह जपून ठेवावा. आठवीचा स्तर तुमच्या मुलीने द्यावा असे माझे मत आहे, कारण बाहेरच्या माणसाने पेपर तपासणे तिला आणि तुम्हाला दोघींनाही आवश्यक आहे.

वर्षाचा आराखडा सोपा ठेवा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, घरात पाहुणे असतात, नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांना जाते. तो आठवडा मोकळा सोडा. मार्चनंतर ऊन वाढले की सगळा अभ्यास सकाळी आठच्या आत आणावा लागेल, कारण पत्र्याच्या खोलीत बेचाळीस अंशांत कोणतेही मूल शिकत नाही. मे महिन्यात मामे-मावस भावंडे येतील, तेव्हा वाचनाखेरीज काहीच नको.

अभ्यासाचे चौथे वेळापत्रक आत्ता करू नका. एक वही घ्या आणि रोज रात्री त्या दिवशी काय झाले तेवढे तीन-चार ओळींत लिहा: कोणी काय वाचले, कोणते उदाहरण अडले, नळ आला का, बाळ कधी उठले. पुढच्या जूनपर्यंत असे करूनही सात वर्षांच्या मुलीचे वाचन सुधारले नाही किंवा तुमची तब्येत खालावली, तर एक किंवा दोन मुलांना शाळेत घालावे आणि उरलेल्यांना घरी शिकवावे. सगळी मुले एकाच वाटेने गेली पाहिजेत असे कुठे आहे? सध्या मात्र पंधरा दिवसांनी त्या वहीची पाने मला पाठवा. दीड तास कोणत्या दिवशी मोडला आणि कोणाच्या हाकेने मोडला, एवढेच त्यात असले तरी पुढचे आपण दोघी मिळून ठरवू.